बटणाचा ठसा

खोक्यात आठ वस्तू होत्या. स्कॅनर, त्याची बॅटरी, रबरी आवरणाची आखूड अँटेना, चार्जिंगची वायर, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची क्लिप, मनगटात घालायची दोरी, एक मऊ ब्रश आणि चार भाषांत छापलेली माहितीपुस्तिका. त्या चारांत मराठी नव्हती.

व्यंकटदादाने क्लिप उचलली, स्कॅनरला लावली आणि स्कॅनर कमरेला अडकवून आरशासमोर उभा राहिला.

"हा आमच्या खाणीतला वॉकीटॉकीच आहे की."

"नाही रे. हा फक्त ऐकतो. बोलत नाही."

"मग ह्या घरात त्याचं जमायचं न्हाई. हितं ऐकणारं कुणीच न्हाई, सगळी बोलणारीच."

रेणुकावहिनी चुलीपाशी हसली. आई हसली नाही, कारण तो टोमणा तिलाच होता.

माझा एम.एस्सी.चा निकाल नुकताच लागला होता. भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलीने स्वतःला असं यंत्र का घ्यावं, हे बोरेवाडीत कुणाला कळलं नाही. हवेतून रोज शेकडो माणसांची बोलणी आपल्या अंगावरून जातात आणि आपल्याला त्यांतलं एकही ऐकू येत नाही, ही गोष्ट मला शाळेपासून सहन होत नव्हती. लोकांना स्कॅनरवर ऐकायचा परवाना खुला झाला, तसा मी अर्ज केला.

पहिल्या दिवशी मी पुस्तिकेबाहेर काही केलं नाही. बॅटरी एकदा पूर्ण भरू दिली. अँटेना रबराला न धरता खालच्या धातूच्या कड्याला धरून फिरवली, कारण रबराला पीळ दिला तर आतली तार सुटते. मग स्कॅनर सुरू करून गोंगाटाचा अडसर हळूहळू वर नेला. काही नसताना येणारी खरखर जिथे जेमतेम थांबते, तिथेच तो सोडायचा. आणखी वर नेला तर खरखरीबरोबर दूरचे, अशक्त आवाजही बंद होतात. शेवटी चॅनेलची यादी भरली. अकरा चॅनेल मिळाली: खाणीचं, पवनचक्क्यांच्या देखभालवाल्यांचं, यात्रेच्या बंदोबस्ताचं, अशी. स्कॅनर त्या अकरांवर आळीपाळीने फिरायचा, कुठे काही लागलं की थांबून ते साठवायचा आणि पुढे जायचा. एकाच चॅनेलवर त्याला रोखून ठेवायचीही सोय होती. पण एकच ऐकायचं तर स्कॅनर कशाला, असं मला वाटलं.

खाणीच्या चॅनेलवर बोलणं फारच थोडं असायचं. मधूनच नुसतं टक, टक.

"हे काय?" मी दादाला विचारलं.

"क्रशर चालू असला की शब्द कळत न्हाईत. म्हणून बटण दाबून सोडायचं. दोन टक म्हंजे मोकळं, उडव बार. तीन म्हंजे थांब."

"आणि एक?"

"एक म्हंजे कुणाची तरी तंबाखू मळताना बोट लागलं."

"नियमात आहे हे?"

"नियमात तोंडानं बोलायचं लिहिलंय. नियम लिहिणारा कधी सुरुंगापाशी उभा ऱ्हायलाय का?"

आम्ही वडार. आजोबांच्या काळी सुरुंग पेटवण्याआधी शिट्टी वाजवत. दोन शिट्ट्या मोकळं, तीन शिट्ट्या थांब. शिट्टी गेली, साधा वॉकीटॉकी आला. तो जाऊन मागल्या वर्षी डिजिटल सेट आले. दोन आणि तीन मात्र तसेच राहिले.

दादा मार्गशीर्षात गेला. सकाळची वेळ होती. मी अंगणात त्याच्या मुलीला, ओवीला, अंघोळ घालत होते आणि स्कॅनर खिडकीत फिरत होता. खाणीचा भोंगा झाला. नंतर बराच वेळ काही नाही. मग खिडकीतून टक, टक असं आलं आणि पाठोपाठ बार उडाला. ओवी दचकली म्हणून मी तिला हसून दाखवलं. त्यानंतर खाणीच्या चॅनेलवर इतके लोक एकदम ओरडायला लागले, की स्कॅनरला एकही शब्द नीट धरता आला नाही.

ड्रिलचा बिट खाली राहिला म्हणून दादा तो आणायला परत उतरला होता.

चौकशीत जे पुढे आलं ते असं. बार उडवताना चार सेट वापरात होते. एक सुरुंग उडवणाऱ्या गौसभाई मुलाणींकडे, आडोशाला. एक रस्त्यावर, एक देवळाच्या पायवाटेवर आणि एक वरच्या काठावर. गौसभाईंनी सांगितलं, "मी दोन ऐकले, म्हणून कळ दाबली." बाकीच्या तिघांनी सांगितलं की आम्ही बटणाला हातच लावला नाही. खाणीच्या मॅनेजरने सांगितलं की आमच्याकडे टकटकीची पद्धतच नाही, सगळे नियमाने बोलतात. प्रत्येक डिजिटल सेट बोलताना स्वतःचा क्रमांक पाठवतो. पण सेट पुरवणाऱ्या ठेकेदाराने एका सेटमध्ये क्रमांक आणि चॅनेल भरून त्याचीच नक्कल बाकीच्यांत उतरवली होती. चौघांचा क्रमांक एकच निघाला. गौसभाईंचा परवाना थांबवला गेला आणि फाईल मिटायला आली.

माझ्याकडे मात्र त्या दोन टक साठवलेल्या होत्या.

इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल. बटण दाबलं की सेटमधला स्फटिक ठरलेल्या गतीने कंप पावायला लागतो, पण त्या गतीवर तो एकदम पोचत नाही. थोडा पुढे जातो, थोडा मागे येतो, मग स्थिरावतो. ताकद वाढवणारा भागही असाच अडखळत वर चढतो. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतं. कारखान्यात दोन सेट एकाच साच्यातून निघाले तरी त्यांचे स्फटिक कापताना केसाच्या कितीतरी पट लहान फरक राहतो, तारा जोडताना शिशाचा डाग कमीजास्त पडतो. म्हणून प्रत्येक सेटचं अडखळणं वेगळं असतं आणि दर वेळी जवळजवळ तसंच असतं. पूर्वी हा फरक वाचायला प्रयोगशाळा लागायची. आता तो वाचणारी चिप तळहातावरच्या यंत्रात बसते. स्कॅनरने एकदा ठसा घेतला की तो सेट क्रमांक बदलो, मालक बदलो, मुका राहो. बटण दाबताक्षणी पडद्यावर त्याचं नाव येतं. नाव आपण द्यायचं असतं.

त्या दोन टकांच्या ठशाला मी नाव दिलं: मारेकरी.

मग मी शोधायला निघाले. खाण पुन्हा सुरू झाली तशी मी रोज डोंगराच्या कुशीत बोरीच्या आडोशाला जाऊन बसायचे. स्कॅनर आता खाणीच्या एकाच चॅनेलवर रोखलेला असायचा. खडीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती सगळीकडे शिरते. घरी आल्यावर मी आधी स्कॅनर पुसायचे, मग माझं तोंड. आवाजाच्या जाळीतली धूळ ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडायची, फुंकर मारायची नाही. फुंकरीने ती आत जाते आणि तोंडातला ओलावाही तिच्याबरोबर जातो. बॅटरीची पितळी टोकं पेन्सिलच्या खोडरबराने घासायची. उन्हात तापलेला स्कॅनर ठशात चूक करतो, म्हणून त्याला ओल्या फडक्याशेजारी सावलीत ठेवायचं. त्याला थोडासाही धक्का लागू नये एवढं मी जपत होते. माणूस जात्यावर बसताना खुंटा आधी नीट ठोकतो, तसं.

सापडल्यावर त्याला काय करायचं, याचा विचार करायला तिथे भरपूर वेळ मिळायचा. मरण मला पुरेसं वाटत नव्हतं. दादा फक्त मेला नव्हता; तो मेल्यावर त्याच्यावरच ठपका ठेवायची तयारी चालली होती. भोंगा झाल्यावर खाली उतरला, म्हणे. मला त्या माणसाला सगळ्या गावासमोर उभं करायचं होतं, आणि त्याच्याच बोटाने.

सेटवरून माणूस ठरवणं अवघड नव्हतं. खंडेनवमीला खाणीत सब्बल, घण, ड्रिल यांच्या रांगेत सेटही मांडतात. हळदकुंकू लावून ज्याचा त्याला देतात, आणि मग वर्षभर तो दुसऱ्याच्या हातात जात नाही. कुणी उचललाच तर भांडण होतं. दादा म्हणायचा, बायको एक वेळ माहेरी पाठवतील, सेट न्हाई द्यायचे.

रस्त्यावरचा सेट बोलला. पडद्यावर काही आलं नाही. देवळाच्या वाटेवरचा बोलला. काही नाही. वरच्या काठावरचा माणूस अपघातानंतर सेट वापरतच नव्हता, हातवारे करायचा. मी वाट पाहिली. एकदा डंपर मागे घेताना खाली कुणी तरी उभं होतं, तेव्हा त्याला बटण दाबावंच लागलं. "ए, थांब, थांब!"

पडद्यावर अक्षरं आली. मारेकरी.

वरच्या काठावर शिदराम असायचा. रेणुकावहिनीचा सख्खा भाऊ.

मी पोलिसांकडे आधी गेले नाही. आधी मारुतीच्या पारावर गेले. रविवार होता, खाण बंद, सगळे जमलेले. दादाच्या तेराव्याला स्वयंपाकाची भांडी वाहणारा, ओवीला खांद्यावर घेऊन फिरणारा शिदराम तिथेच बसला होता, कमरेला सेट. सेट घरी न्यायची सगळ्यांना मुभा होती आणि ती त्याला मिरवायला आवडायची.

मी दोन टक मोठ्या आवाजात वाजवून दाखवल्या. ठसा म्हणजे काय ते सांगितलं. लोकांना पटेना, म्हणून रस्त्यावरच्याला त्याचा सेट दाबायला लावला. पडदा कोरा राहिला. देवळाच्या वाटेवरच्याने दाबला. कोरा.

"शिदूदादा, आता तू."

"माझी बॅटरी उतरलीय."

"दिवा तर हिरवा दिसतोय," कुणी तरी म्हणालं.

"दाब की. हात लावला नव्हतास ना त्या दिवशी? मग भ्यायचं कशाला?"

त्याने दाबला. मी स्कॅनर उंच धरला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवला. पारावरच्या म्हाताऱ्या माणसांनी तो शब्द मोठ्याने वाचला, कारण त्यांना जवळचं दिसत नाही आणि खात्री करून घ्यायची सवय असते. "मा-रे-क-री."  शिदराम माझ्याकडे नाही, स्कॅनरकडे बघत होता.

त्यानंतर मला फार काही करावं लागलं नाही. मॅनेजरने त्याला कामावरून काढलं आणि वर्तमानपत्राला सांगितलं की एका बेजबाबदार माणसामुळे खाणीचं नाव खराब झालं. त्याचं लग्न ठरलं होतं; मुलीकडच्यांनी साखरपुड्याची साडी परत पाठवली. त्याच्या मोटारसायकलची सीट कुणी तरी कापली. चहाच्या टपरीवर तो आला की बाक रिकामा व्हायचा. मी तिथून जाताना मुद्दाम सावकाश चालायचे. मला बरं वाटत होतं, आणि ते मी लपवत नव्हते.

घरात आईने वहिनीशी बोलणं सोडलं. मग एक दिवस सोडलेलं सगळं एकदम बोलली.

"तुझ्या भावानं माझा पोरगा खाल्ला."

"तुमचा पोरगा, आत्या. माझा कोण होता मग त्यो?"

"नवरा होता तर गप का? भावाच्या तोंडात शेण का घालत न्हाईस?"

"घातलं असतं," वहिनी म्हणाली. "त्यानं केलं असतं तर."

आई म्हणाली, "तेजूच्या मशिनीनं दाखवलंय."

वहिनी माझ्याकडे वळली. "तेजू, मशिनीनं बटण कुणाचं ते दाखवलं. मन कुणाचं ते दाखवलं का?"

"मन बघायची गरज नाही. त्याने मोकळं सांगितलं आणि दादा खाली होता."

तिने ओवीचे कपडे पिशवीत भरले आणि माहेरी निघून गेली. माहेर त्याच गल्लीत, सात घरं पलीकडे. रोज संध्याकाळी ओवी तिकडच्या उंबऱ्यावरून आमच्या घराकडे बघत बसायची. तिला हाक मारायची नाही, असं आईने मला सांगितलं होतं.

माझ्या अर्जावरून चौकशी पुन्हा उघडली. सबनीस मॅडम नावाच्या नव्या अधिकारी आल्या होत्या. सुनावणीची तारीख पडली. त्याच आठवड्यात एका दुपारी शिदराम आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. मी स्कॅनर साफ करत होते. त्याने गळ्यात टॉवेल गुंडाळला होता आणि दाढी वाढली होती.

"वर येऊ नकोस," मी म्हणाले.

"न्हाई येत." तो खालीच उकिडवा बसला. "तेजू, मी तीन दाबले होते."

मी ब्रश थांबवला नाही. "आधी म्हणालास हातच लावला नाही. आता म्हणतोस तीन. पुढच्या खेपेला काय, पाच?"

"मॅनेजरनं बोलावून सांगितलं, टकटकीचं कुणी बोललं तर खाण बंद, सगळ्यांची चूल बंद. तिघांनीबी तेच सांगितलं. मला वाटलं, व्यंकट तर गेलाच."

"व्यंकट तर गेलाच." मी त्याचे शब्द त्यालाच परत दिले. "छान हिशोब आहे."

"मला त्यो दिसला. बिट उचलायला वाकला होता. बोलायला गेलो असतो तर क्रशरमधी कुणाला ऐकू आलं असतं? तीन दाबले. टक, टक, टक. आनि बार उडाला. मला वाटलं गौसभाईचं डोकं फिरलं."

"गौसभाईंच्या कानाने दोन ऐकले. माझ्या स्कॅनरने दोन ऐकले. दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तुझे तीन कुणी ऐकले, शिदू? तुझ्या खंडोबाने?"

"माझ्या बोटानं," तो म्हणाला आणि उठून गेला.

त्याच्यासाठी एवढीच एक वाट उरली होती आणि ती मला बुजवायची होती. सुनावणीत तो तीन म्हणेल, त्याचा वकील तीन म्हणेल आणि कुणाला तरी दया येईल. म्हणून मी सबनीस मॅडमना लिहिलं की जप्त केलेले तेच सेट घेऊन, त्याच जागांवर, प्रयोग करू द्या. तीन दाबले तर तीनच ऐकू येतात, हे मला आकड्यांत मांडायचं होतं. मॅडमनी परवानगी दिली आणि सेट घेऊन स्वतःचा एक माणूस पाठवला.

खाण बंद होती. गौसभाई आडोशाच्या तोंडाशी उभे राहिले, मी वरच्या काठावर शिदरामच्या जागी. मी तीनदा दाबायचं, त्यांनी जितके ऐकू येतील तितकी बोटं वर करायची. खाली दादा जिथे सापडला तिथे चुन्याची खूण अजून होती.

आधी मी "तयार आहात का?" असं सेटवर विचारलं आणि मग तीनदा दाबलं. तीन बोटं. दुसऱ्यांदा तीन. लागोपाठ दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तीन बोटं. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. मॅडमच्या माणसाने आकडा लिहून घेतला आणि पाण्याची बाटली उघडली. काम झालं होतं.

पण प्रयोग म्हणजे त्या दिवशी जे होतं ते पुन्हा उभं करणं, आणि त्या दिवशी भोंग्यानंतर चॅनेलवर बराच वेळ कुणीच बोललं नव्हतं. मी दहा वेळा दाबलं ते एकामागून एक. हा फरक कुणाच्याच लक्षात आला नसता. मी सेट खाली ठेवला. मॅडमच्या माणसाला म्हणाले, दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. एवढ्यासाठी हे करायचं, की वकिलाला तेवढंही बोट ठेवायला जागा नको.

दोन मिनिटांनी तीनदा दाबलं.

गौसभाईंनी दोन बोटं वर केली.

मला वाटलं माझंच बोट घसरलं. मी हातातल्या स्कॅनरकडे बघितलं. तो या एकाच चॅनेलवर रोखलेला होता आणि त्याच्या पडद्यावर तीन उंचवटे स्वच्छ उभे होते. पुन्हा दोन मिनिटं थांबले. पुन्हा तीनदा दाबलं. लांबून गौसभाईंची दोन बोटं. तिसऱ्या खेपेलाही दोन. चौथ्या वेळी त्यांनी हात वर केला तो बराच वेळ खाली घेतला नाही. मग ते दगडावर बसले. त्यांना माझ्या आधी कळलं होतं की मी किती वेळा दाबलं असेल.

कारण शोधायला वेळ लागला नाही. सेटच्या पुस्तिकेतच होतं. बराच वेळ काही आलं नाही की डिजिटल सेट बॅटरी वाचवायला झोपतो आणि अधूनमधून क्षणभर डोळा उघडून बघतो. आवाजाचा तुकडा उलगडायला त्याला त्या तुकड्याची सुरुवात लागते. सुरुवात झोपेत गेली तर तो जागा होतो, पण काही ऐकवत नाही. लांब वाक्य असेल तर पहिला शब्द कापला जातो आणि कुणाचं काही बिघडत नाही. टक मात्र अख्खीच जाते. त्यानंतर सेट जागाच राहतो, म्हणून पुढच्या दोन नीट पोचतात. जुने साधे सेट झोपत नव्हते. खाणीत पूर्वी कधी हे घडलं नाही, कारण तेव्हा तीन म्हणजे तीनच होते. नव्या सेटवर दोनाची एक व्हायची तेव्हा ती तंबाखूच्या बोटावर जायची आणि पुन्हा दोन दाबले जायचे.

ही झोप बंद करायची सोय प्रत्येक सेटमध्ये होती. ती कुणी बंद केली नव्हती. हे वाचल्यावर माझ्या मनात आधी आलं ते शिदरामबद्दल नव्हतं. मला लगेच दुसरं नाव हवं होतं: ठेकेदार, मॅनेजर, कुणीही. हात वर उचललेला होता आणि तो कुणावर तरी पडायला हवा होता.

मग मी माझा स्कॅनर मार्गशीर्षातल्या त्या सकाळी होता तसा लावला. अकरा चॅनेल, आळीपाळीने फिरत. आणि घराच्या खिडकीत ठेवला. तो दुसऱ्या चॅनेलवर गेलेला असताना खाणीतली पहिली टक त्याच्याही हातून निसटते का, ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी गौसभाईंना आणि मॅडमच्या माणसाला घेऊन पुन्हा काठावर गेले.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी आई माझी साडी घडी घालून ठेवत होती. मी साडी नेसत नाही. पण सुनावणीला नेसायची, असं तिने ठरवलं होतं.

"उद्या काय सांगणार?"

"मोजलं ते."

"काय मोजलंस?"

मी स्कॅनर पुसायला घेतला. आईने घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"तेजू, मला त्यो आत गेलेला बघायचाय. मी दुसरं काही मागत न्हाई. व्यंकट गेल्यापासून मी पोटभर जेवले ते त्या रविवारी, पारावरून आल्यावर. तू मला ते जेवण दिलंस. आता काढून घेऊ नगंस."

"आई..."

"घेतलंस तर मला पोरगी न्हाई."

तालुक्याच्या कार्यालयातली खोली लहान होती. एका बाकावर मॅनेजर आणि त्याचा वकील. दुसऱ्यावर गौसभाई. तिसऱ्यावर शिदराम, त्याच्या शेजारी रेणुकावहिनी, तिच्या मांडीवर ओवी. आई माझ्या मागे बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

सबनीस मॅडमनी चष्मा लावला. "तुमच्या अर्जात म्हटलंय की शिदराम यांनी दोन वेळा बटण दाबून मोकळं असल्याचा इशारा दिला. पुरावा म्हणून तुमच्या स्कॅनरमधली नोंद जोडलीय. बरोबर?"

"बरोबर."

"ती नोंद घेताना स्कॅनर एकाच चॅनेलवर होता का?"

"नाही. अकरांवर फिरत होता."

मॅनेजरच्या वकिलाने मान वर केली. शिदरामने केली नाही. तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.

"प्रयोगाचा निष्कर्ष तुम्ही लेखी दिलेला नाही. का?"

"तोंडी सांगायचा होता. सगळ्यांसमोर."

"सांगा."

मागून आईने माझ्या पदराचं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. ओवीने मला ओळखून हात पुढे केला आणि वहिनीने तो खाली घेतला. मी उभी राहिले तेव्हा पदर आईच्या हातातून सुटला.

"बटण दर वेळी तीनदा दाबलं. लागोपाठ दाबलं तेव्हा गौसभाईंच्या सेटवर दहापैकी दहा वेळा तीन ऐकू आले. प्रत्येक खेपेआधी दोन मिनिटं शांतता ठेवली तेव्हा पन्नासपैकी सात वेळा तीन ऐकू आले, त्रेचाळीस वेळा दोन. त्याच पन्नास खेपांत, अकरा चॅनेलवर फिरणाऱ्या माझ्या स्कॅनरने चार वेळा तीन नोंदवले. सेहेचाळीस वेळा दोन."